पेसमेकर बसवल्यावर: कोणती बंदी किती दिवस?

प्रश्न: माझे बाबा ६९ वर्षांचे, बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, दादरला राहतात. दोनदा चक्कर येऊन पडले, दुसऱ्यांदा भर रस्त्यात. कम्प्लीट हार्ट ब्लॉक निघाला आणि पाच आठवड्यांपूर्वी दोन वायरींचा पेसमेकर बसवला. जखम भरली आहे, डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे. पण बाबा डावा हात पोटाशी घट्ट धरून बसतात. मोबाइलला शिवत नाहीत, शिवाजी पार्कला जाणं सोडलंय, दिवसभर बोटाला ऑक्सिमीटर. "मी आता मशीनवर चाललोय," म्हणतात. आई रात्री उठून त्यांचा श्वास चालू आहे ना बघते. हे असंच राहणार का? आम्ही काय करायचं?

उत्तर: ताई, बाबांच्या त्या वाक्यापासूनच सुरुवात करते. "मशीनवर चाललोय" हे बोलणं निराशेचं आहे, पण त्याच्या बुडाशी एक चुकीची माहिती आहे. ती आधी दुरुस्त करू.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात साइनस नोड नावाचा पेशींचा एक छोटा पुंजका असतो. ठोके किती वेगाने पडायचे हे तो ठरवतो. जिना चढलात की वेग वाढवतो, झोपलात की उतरवतो. तिथून निघालेला विद्युत संदेश खालच्या कप्प्यांत पोचला की तिथले स्नायू आकुंचन पावतात आणि रक्त पुढे जातं. कम्प्लीट हार्ट ब्लॉकमध्ये ही मधली वाट बंद पडते. वरून संदेश सुटतोय, खाली काहीच पोचत नाही, आणि खालचे कप्पे आपल्या बळावर मिनिटाला ३०-४० ठोक्यांत कसंबसं भागवतात. मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस पडतो. दोन वायरींचा पेसमेकर म्हणजे छातीच्या डाव्या बाजूला कातडीखाली बसवलेली एक छोटी डबी आणि तिच्यातून हृदयात गेलेल्या दोन वायरी. वरची वायर साइनस नोडचं ऐकते आणि खालची ते खाली पोचवते. थोडक्यात काम निरोप्याचं. निरोप धाडणारं हृदय बाबांचंच, रक्त ढकलणारे स्नायूही त्यांचेच. नात दारात दिसली आणि ठोके वाढले, तर ते पेसमेकरला नात आवडते म्हणून नव्हे.

कोणाकोणाचा साइनस नोडच थकलेला असतो. त्यांच्या बाबतीत वेग वाढवायचं कामही थोडंफार यंत्राकडे जातं. बाबांचं नेमकं काय आहे ते पुढच्या तपासणीला विचारा आणि डॉक्टरांना ईसीजीची पट्टी दाखवायला सांगा. आधी वरच्या कप्प्याची छोटी लाट, तिच्या पाठोपाठ पेसमेकरची उभी बारीक रेघ, मग मोठा ठोका. माझ्या क्लिनिकमध्ये मी ही पट्टी पेशंटच्या हातात देते. तोंडी समजावण्यापेक्षा ती जास्त पटते, असा अनुभव आहे. बाबांनी जन्मभर तिकिटांचा हिशेब ठेवलाय, त्यांना कागदावरचं दाखवलेलं पटेल.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगा. पूर्णपणे शरीरात बसवलेला जगातला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात बसवला गेला. यंत्र बनवलं रुने एल्मक्विस्ट या इंजिनिअरने, बसवलं ओके सेनिंग या सर्जनने. पेशंट होते आर्ने लार्सन, वय ४३. ते पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढच्या आयुष्यात त्यांना वीसहून अधिक पेसमेकर बदलावे लागले. ते वारले २००१ मध्ये, ८६ व्या वर्षी, आणि तेही हृदयामुळे नव्हे, कर्करोगाने. यंत्र बनवणारे एल्मक्विस्ट आणि बसवणारे सेनिंग या दोघांच्याही मागे ते जगले. बाबांच्या छातीतलं यंत्र त्या काळच्या यंत्रापेक्षा कितीतरी भरवशाचं, वीस-तीस ग्रॅम वजनाचं आहे.

आता हात. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण घराघरांत मी हेच बघते. डॉक्टरांनी डिस्चार्जच्या दिवशी दिलेल्या सूचनांना मुदत असते. घरी पोचेपर्यंत ती मुदत गळून पडते आणि उरते नुसती बंदी. "डावा हात वर नेऊ नका" हे चार ते सहा आठवड्यांसाठी असतं. वायरीचं टोक हृदयाच्या आतल्या बाजूला टेकवलेलं किंवा बारीक स्क्रूने अडकवलेलं असतं. त्याभोवती शरीर स्वतःचा चिकट पडदा तयार करतं आणि वायर पक्की होते. तोवर हाताला मोठा हिसका बसला किंवा कोपर खांद्याच्या वर गेलं तर टोक सरकू शकतं. वायर सरकण्याचे बहुतेक प्रकार या पहिल्या काही आठवड्यांतच होतात. त्यानंतर ते विरळाच.

पण "खांद्याच्या वर नको" याचा अर्थ "हलवू नका" असा कधीच नव्हता. पहिल्या दिवसापासून बोटं, मनगट, कोपर हलवायचं असतं आणि खांदाही त्याच्या पातळीपर्यंत. पाच आठवडे हात पोटाशी धरला तर खांदा आखडतो. मधुमेह असेल तर आणखी लवकर. मग हात उचलला की दुखतं, दुखलं की बाबांना वाटतं वायर ओढली जातेय, आणि हात पुन्हा पोटाशी. साधी परीक्षा घ्या: डाव्या हाताने केस विंचरता येतात का, शर्टाची बाही आधार न घेता घालता येते का, हात मागे नेऊन पँटच्या मागच्या खिशापर्यंत पोचतो का. नसेल जमत तर डॉक्टरांची परवानगी घेऊन फिजिओथेरपी सुरू करा. फिजिओथेरपिस्टला आधीच सांगा की पेसमेकर आहे. शॉर्टवेव्ह डायथर्मी नावाचा शेक शरीराच्या कुठल्याही भागाला घ्यायचा नाही, गुडघ्यालासुद्धा नाही. ही बंदी मात्र कायमची. करंट देणारी इतर यंत्रंही हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. नुसते व्यायाम आणि गरम पाण्याची पिशवी बिनधास्त. पिशवी जखमेच्या जागेवर ठेवू नये, इतकंच.

घरातली कामं बघू, कारण "वजन उचलू नका" म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सिमेंटची गोणी येते. पाण्याची भरलेली बादली पंधरा-वीस किलोची असते. पहाटे पाणी आलं की बादल्या भरून ठेवायची सवय आपल्याकडे वयाबरोबर जात नाही. ती पहिले सहा आठवडे डाव्या हाताने नको. गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या आसपास जातो, तो सरकवणंही नको. छताजवळच्या दोरीवर काठीने कपडे वाळत टाकणं म्हणजे तर थेट दोन्ही हात डोक्यावर. माळ्यावरचे डबे काढणं, पंखा पुसणं, पडदे लावणं यांत हात नकळत वर जातो. सहा आठवड्यांनी डॉक्टरांनी हो म्हटलं की हे सगळं हळूहळू परत करायचं. लोकलमध्ये, बसमध्ये वरची कडी उजव्या हाताने धरायची. गर्दीच्या वेळची दादरची चढाओढ तूर्त टाळावी. तिथे छातीवर कोपर बसण्याचीच भीती जास्त.

गाडीत बसताना एक बारीक गोष्ट. आपल्याकडे ड्रायव्हरशेजारी बसलं की सीटबेल्ट डाव्या खांद्यावरून, नेमका यंत्रावरून जातो. बेल्ट काढून बसू नका. खाली घडी केलेला मऊ नॅपकिन ठेवा किंवा बाबांना ड्रायव्हरच्या मागे बसवा, तिथे पट्टा उजव्या खांद्यावर येतो. बायका पेशंट असल्या की पदराची पिन आणि आतल्या कपड्याचा पट्टा नेमका जखमेवर घासतो. हे लाजेने कोणी विचारत नाही, म्हणून इथेच सांगून टाकते: पदर काही दिवस मोकळा ठेवा, पट्टा रुंद घ्या किंवा खाली कापूस-गॉज ठेवा.

जखमेबद्दल तुम्ही विचारलेलं नाही आणि ती भरलेली आहे, तरी दोनच वाक्यं. तिथे लाली, गरमपणा, नव्याने सूज, पाणी किंवा पू, कातडी पातळ होऊन यंत्राची कड दिसायला लागणं, अंगात ताप, यातलं काहीही झालं तर ज्यांनी पेसमेकर बसवला त्यांच्याकडेच जायचं, मग ते सहा महिन्यांनी होवो की सहा वर्षांनी. आणि सूज आहे म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कोणालाही सुई घालून पाणी काढू देऊ नका, त्यातून आत जंतू जातात.

मोबाइल. हा प्रश्न मला रोज येतो. फोन आणि पेसमेकर यांत १५ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत अंतर ठेवायचं. शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचा नाही, उजव्या कानाला लावायचा, झोपताना छातीवर ठेवून गाणी ऐकायची नाहीत. झालं. काही नव्या फोनमध्ये, इअरबडच्या डब्यांत आणि फोनच्या कव्हरमध्ये लोहचुंबक असतो, म्हणून ते अंतर गंभीरपणे पाळायचं. पण चुंबक जवळ आला तर नेमकं काय होतं? लोकांना वाटतं यंत्र बंद पडतं. तसं होत नाही. बहुतेक पेसमेकर चुंबकाखाली हृदयाचं "ऐकणं" सोडतात आणि एका ठरलेल्या वेगाने ठोके देत राहतात. चुंबक दूर केला की पुन्हा पूर्ववत. आम्ही तपासणीला मुद्दाम चुंबक ठेवतो. हे बाबांना कळलं की मोबाइलची दहशत कमी होईल. त्यांना सांगा, उजव्या कानाला लावून आज तुम्हाला एक फोन करायचाच.

बाकीच्या विजेच्या वस्तू भराभर. टीव्ही, फ्रिज, मिक्सर, मायक्रोवेव्ह, गीझर, वॉशिंग मशीन, पंखे: अर्थिंग नीट असेल तर काहीच अडचण नाही. इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट लांब उभं राहावं. आपल्या छोट्या ओट्यापुढे ते जमत नाही, म्हणून बाबांचा चहा गॅसवर करा. मेट्रो स्टेशनची किंवा मॉलची तपासणीची चौकट सरळ चालत ओलांडायची, तिला टेकून उभं राहायचं नाही. हातातलं यंत्र छातीवर फिरवायला लागले तर पेसमेकरचं कार्ड दाखवायचं. ते कार्ड पाकिटात कायम हवं, त्याचा फोटो तुमच्या फोनमध्येही. गणपतीत मांडवाशेजारी स्पीकरची भिंत असते. स्पीकरमध्ये मोठे चुंबक असतात, काही फूट लांबून दर्शन घ्यावं. कानांसाठीही ते बरंच. लाइट गेली तर पेसमेकर बंद पडेल का, असंही लोक विचारतात. त्याची बॅटरी आतच असते, घरच्या विजेशी त्याचा संबंध नाही.

लोकलच्या वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात हे वाचून एक गृहस्थ प्रवासच सोडून बसले होते. डब्यात किंवा फलाटावर उभ्या माणसाच्या पेसमेकरला त्या तारेचा त्रास होत नाही. डब्याच्या टपाची गोष्ट वेगळी, पण तिथे पेसमेकर नसलेल्यानेही जाऊ नये.

कायमच्या बंदी थोड्याच आहेत: डायथर्मी, अंगाला चुंबक लावायचे उपचार, छातीवर आदळणारे खेळ, आणि आर्क वेल्डिंगसारखं काम डॉक्टरांना विचारल्याशिवाय. वेल्डर, मोठ्या मोटारींवर काम करणारे, यांच्या पोटाचा प्रश्न असतो. त्यांनी बसवण्याआधीच डॉक्टरांना काम सांगावं. एमआरआयची सरसकट बंदी आता राहिलेली नाही. बरेच नवे पेसमेकर आणि वायरी एमआरआयला चालतात. मात्र आधी यंत्राची सेटिंग बदलावी लागते, नंतर परत आणावी लागते. कुठलंही ऑपरेशन असेल, अगदी मोतीबिंदूचं किंवा दाताचं, तरी सांगायचं. डॉक्टर ठरवतील काय काळजी घ्यायची.

आता ऑक्सिमीटरकडे येते. बाबा जेव्हा बोटाला ते लावतात तेव्हा त्यांना जो आकडा दिसतो तो नाडीचा असतो, आणि तो पेसमेकरचा हिशेब नव्हे. मधूनच एखादा ठोका वेळेआधी पडला तर त्यात रक्त कमी ढकललं जातं, तो बोटापर्यंत पोचत नाही आणि ऑक्सिमीटर तो मोजतच नाही. मग स्क्रीनवर ४८ दिसतात आणि घरात धावपळ होते, जेव्हा पेसमेकर ठरल्याप्रमाणे ६० च्या खाली जाऊ देत नसतो. काही पेसमेकरना झोपेत वेग आणखी थोडा खाली येऊ देण्याची मुभाही मुद्दाम दिलेली असते. आकडा कमी दिसला आणि माणूस नीट बोलतोय, चक्कर नाही, तर पाच मिनिटं बसून मनगटावर एक पूर्ण मिनिट नाडी मोजा. पुन्हा पुन्हा कमी येत असेल तर क्लिनिकला फोन. कमी नाडी आणि सोबत चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, दम किंवा बेशुद्धी असेल, तर फोनवर सल्ले घेत बसायचं नाही. १०८ ला फोन किंवा थेट रुग्णालय.

ऑक्सिमीटर एकदम हिसकावून घेऊ नका. तसं केलं तर ते गुपचूप मनगट धरून बसतील. सौदा करा: या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ एकदा, पुढच्या आठवड्यात एक दिवसाआड, मग कपाटात.

शरीरातल्या काही नव्या जाणिवांचंही त्यांना कोणीतरी सांगायला हवं. कितीतरी महिने ३५-४० वर रेंगाळणारं हृदय आता ७० वर आलं की पहिले काही आठवडे ठोके छातीत, कानात, उशीवर ऐकू येतात. डाव्या कुशीवर झोपलं की जास्त. ते धोक्याचं नाही आणि डाव्या कुशीवर झोपायला हरकतही नाही. मात्र ठोक्याच्या तालावर उचकी लागत असेल, पोटाचा किंवा छातीचा स्नायू फडफडत असेल, तर ते कळवायचं. अनेकदा सेटिंग बदलून ते थांबतं. डावा हात सुजला तरी कळवायचं. चालताना दम लागतो असं वाटलं तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. काही पेसमेकरमध्ये हालचाल ओळखून वेग वाढवणारा सेन्सर चालू केलेला असतो, त्याचं प्रमाण माणसागणिक जुळवून घ्यावं लागतं. हा सेन्सर हादऱ्यांनाही फसतो. पावसाळ्यात खड्ड्यांतून रिक्षाने जाताना शांत बसलेल्या माणसाचे ठोके थोडे वाढतात ते यामुळे. उलट घरातल्या सायकलवर पाय मारताना धड हलत नाही, तेव्हा सेन्सरला व्यायाम कळतच नाही.

आणि आता मन. तुम्ही "हे असंच राहणार का" विचारलंत. बऱ्याच जणांचं पहिल्या दोन-तीन महिन्यांत आपोआप सैल होतं, पण घराने मदत केली तर लवकर होतं आणि घराने भीतीला खतपाणी घातलं तर होत नाही. बाबा भर रस्त्यात पडले आहेत. शिवाजी पार्कला न जाण्याचं कारण पेसमेकर नसून ते पडणं असणार, असा माझा अंदाज आहे. उभं आयुष्य चालत्या बसमध्ये तोल सांभाळून तिकिटं फाडलेल्या माणसाचा स्वतःच्या पायांवरचा विश्वास गेला, हे लहान दुःख नाही. "आता मशीन बसवलंय, घाबरायचं काय" म्हणून त्याला झटकू नका. आधी मान्य करा की ते प्रसंग भयंकर होते. मग म्हणा की पडण्याचं कारण सापडलंय आणि ते कारण दुरुस्त झालंय.

मग पावलं. आधी तुमच्यासोबत इमारतीच्या फाटकापर्यंत. दोन दिवसांनी नाक्यापर्यंत. मग शिवाजी पार्क. त्या मैदानाची मोठी सोय म्हणजे सगळीकडून कट्टा आहे, कुठेही बसता येतं. पहिल्या दिवशी फेरी पूर्ण करायचीच नाही, कट्ट्यावर बसून मित्रांशी बोलून परत यायचं. तुम्ही सोबत जा, पण दुसऱ्या आठवड्यात शंभर पावलं मागे राहा, तिसऱ्या आठवड्यात घरीच राहा. हे तुम्हाला अवघड जाणार आहे, त्यांना नव्हे. सहा आठवड्यांनंतर, डॉक्टरांच्या परवानगीने, चालणं रोज अर्ध्या तासापर्यंत न्यायचं. योगासनं करत असतील तर प्राणायाम, बसून करायची आसनं आधी. हातांवर पूर्ण भार येणारी आणि लोंबकळायची सगळ्यात शेवटी.

नातेवाईक हा वेगळा अध्याय आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण "किती टक्के ब्लॉकेज होतं?" विचारतो. बाबांच्या रक्तवाहिन्यांत अडथळा होता असं तुम्ही लिहिलेलं नाही, बिघाड विजेच्या वाटेत होता. त्यामुळे अँजिओप्लास्टीच्या पेशंटचे नियम कोणी सांगू लागलं तर ऐकून सोडून द्या. तूप-नारळ बंद केल्याने पेसमेकर जास्त चालत नाही. हो, ब्लडप्रेशरच्या, मधुमेहाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या, कारण पेसमेकर हार्ट अटॅक अडवत नाही. आणि साधा पेसमेकर झटका देत नाही. झटका देणारं यंत्र वेगळं, आयसीडी नावाचं. शेजारच्यांनी त्याची गोष्ट ऐकवली असेल तर ती बाबांना लागू नाही.

आई. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त काळजी आईची वाटली. बाबांना यंत्र मिळालं, तिला काय मिळालं? ती रात्री उठते कारण तिला कामच नेमून दिलेलं नाही, म्हणून तिने पहाऱ्याचं काम स्वतःच घेतलंय. तिला खरं काम द्या. कोणी कोसळलं तर काय करायचं ते शिकवा: हाक मारून, खांदा हलवून बघायचं, उत्तर नाही आणि श्वास नीट नाही तर १०८ लावायचं, छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबत राहायचं. पेसमेकर असला तरी छाती दाबायला हरकत नाही, आणि हात लावणाऱ्याला करंट बसत नाही. प्रत्यक्ष शिकवणारे वर्ग मुंबईत होतात, दोघी मिळून जा. काय करायचं हे माहीत असलेली बाई रात्री झोपू शकते. आणि ते दोघं अंतर राखून झोपायला लागले असतील, स्पर्शालाही घाबरत असतील, तर त्यांना सांगा, किंवा डॉक्टरांकडून सांगवा, की जखम भरली आहे, नवरा-बायको म्हणून जवळ येण्यात धोका नाही. डाव्या हातावर अंगाचा भार तूर्त टाकू नये, इतकंच.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस बाबा सतत खिन्न असतील, जेवण-झोप उडाली असेल, कशातच रस नसेल, "जगून काय करू" असं बोलत असतील, तर तो हृदयाचा नव्हे, नैराश्याचा प्रश्न आहे आणि त्यावर उपचार आहेत. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ वर मराठीत बोलता येतं. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध दिलं तर त्यांना पेसमेकरचं सांगा, हृदयाच्या डॉक्टरांना औषधाचं सांगा.

एक प्रश्न बाबांच्या मनात असण्याची शक्यता आहे आणि तो ते तुम्हाला विचारणार नाहीत. "माझा शेवट आला तर हे यंत्र मला जाऊ देईल ना? की अडकवून ठेवेल?" बरेच वृद्ध पेशंट मुलं खोलीबाहेर गेली की मला हळूच विचारतात. उत्तर असं: पेसमेकर फक्त संदेश देतो. शेवटी शरीर थकतं तेव्हा हृदयाचा स्नायू त्या संदेशाला प्रतिसादच देत नाही. यंत्र कोणाचं मरण लांबवून ठेवत नाही. आणि अंत्यसंस्कारात दहन असेल तर आधी यंत्र काढावं लागतं, कारण आतली लिथियमची बॅटरी उष्णतेने फुटते. रुग्णालयात ते काही मिनिटांचं काम असतं. काढलेल्या यंत्रांचं एक टोक थेट मुंबईशी जोडलेलं आहे: अमेरिकेत मृत व्यक्तींच्या घरच्यांच्या संमतीने काढलेले, बॅटरी शिल्लक असलेले पेसमेकर निर्जंतुक करून बांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरीब रुग्णांना बसवले गेले, आणि त्यांच्यात मोठी गुंतागुंत झाली नाही. हे बाबांना सांगायचं की नाही, ते तुम्ही त्यांचा स्वभाव बघून ठरवा. काहींना हे ऐकून हलकं वाटतं, काहींना नाही.

पूर्वीसारखे होतील का, याचं प्रामाणिक उत्तर: बहुतेक जण आजारपणाच्या आदल्या वर्षापेक्षा बरे होतात, कारण ते वर्ष त्यांनी मंद ठोक्यांवर, दमत काढलेलं असतं. पण एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे. कम्प्लीट ब्लॉकमध्ये खालचा कप्पा जवळजवळ प्रत्येक ठोक्याला वायरीच्या संदेशावर चालतो. काही थोड्या लोकांत वर्षानुवर्षं असं चालून हृदयाची ताकद कमी होऊ शकते. त्यावर उपाय आहेत, वायरीची रचना बदलता येते, पण ते वेळेत कळलं पाहिजे. म्हणून डॉक्टर सांगतील त्या अंतराने टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायचा, आणि नव्याने दम लागला, पायांवर सूज आली तर तपासणीच्या तारखेची वाट बघायची नाही.

बॅटरी साधारण सात ते बारा वर्षं जाते. ती अचानक संपत नाही, संपण्याच्या काही महिने आधीच तपासणीत इशारा येतो. म्हणूनच सहा महिन्यांची किंवा वर्षाची तपासणी "काही त्रास नाही" म्हणून चुकवायची नाही. बदलताना बहुधा फक्त डबी बदलतात, वायरी त्याच राहतात. आर्थिक चिंता असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

पुढच्या तपासणीला आईलाही घेऊन जा. तपासणी दुखत नाही, छातीवर एक छोटं उपकरण ठेवून पडद्यावर सगळा हिशेब दिसतो: किती टक्के ठोके कोणाचे, बॅटरी किती, वायरी कशा आहेत. सुरुवातीला वायरींना दिलेला जास्तीचा करंट साधारण तीन महिन्यांच्या तपासणीला कमी करतात, त्याने बॅटरी वाचते. तेव्हा हा विषय तुम्हीच काढा. डॉक्टरांना कागदावर तारीख घालून लिहून मागा: हात डोक्यावर कधीपासून, बादली कधीपासून, लोकल कधीपासून, गावी एकटं जाणं कधीपासून. तो कागद फ्रिजवर लावा, आणि तारीख आली की बादली बाबांनाच उचलू द्या.